रग्बी की अमेरिकन फुटबॉल: डोकं कशाने वाचतं?

ताई, नमस्कार. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. माझा मुलगा अकरावीत आहे, वय सोळा. सातवीपासून कबड्डी खेळतो, डावा कोपरा. यंदा त्याच्या कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांनी सात-सात जणांच्या रग्बीचा संघ बांधायला घेतलाय आणि कबड्डीची निम्मी पोरं त्यात ओढली आहेत. माझा भाऊ टेक्सासला असतो. त्याचा मुलगा तिथल्या शाळेत अमेरिकन फुटबॉल खेळतो. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघा भावांची जुंपली. आमचा म्हणाला, "तुम्ही चिलखत घालून खेळता, आम्ही उघड्या अंगाने." तो म्हणाला, "म्हणून तर तुमची डोकी फुटतात, आमची नाही." ते ऐकलं आणि मला रात्रभर झोप नाही. सासरे तालमीतले. ते म्हणतात, "पडल्याशिवाय पोरगं घडतंय होय? खेळू दे की." यांचं म्हणणं, बारावी होईपर्यंत सगळं बंद. भाऊ दिवाळीला येतोय. म्हणतो, "भाच्याला हेल्मेट आणतो, ते घालून रग्बी खेळू दे." दोन्हींत जास्त घातक कोणता? हेल्मेट मागवू का? की सरळ नाही म्हणू?
– एक आई, सोलापूर

नमस्कार.

हेल्मेटचं आधी सांगते, म्हणजे भावाचे पैसे वाचतील. मागवू नका. रग्बीच्या नियमात टणक हेल्मेट बसत नाही. ते घालून मुलगा उतरला तर पंच त्याला बाहेर काढतील आणि ते बरोबरच आहे, कारण त्या कवचाचा मार समोरच्याच्या उघड्या डोक्याला बसेल. रग्बीत चालते ती मऊ, पातळ फोमची टोपी, तिला स्क्रम कॅप म्हणतात. कान सोलवटू नयेत, कातडी फाटू नये यासाठी ती ठीक आहे. मेंदूला बसणारा हादरा ती अडवते असं मात्र सिद्ध झालेलं नाही. घ्यायचंच असेल तर दातांवर बसवायचं माउथगार्ड घ्या. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं असतं ते. दात वाचतात, जबडा वाचतो. मेंदूसाठी त्यावरही विसंबू नका.

आता तुमच्या भाच्याचं म्हणणं. ते त्याचं एकट्याचं नाही, हेल्मेट बघितलं की कुणालाही तसंच वाटतं. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, हे खरं. पण मेंदू कवटीला चिकटवलेला नसतो. स्टीलच्या डब्यात दही भरून त्याभोवती चांगली जाड चादर गुंडाळा आणि डबा जोरात आपटा: डब्याला पोचा येणार नाही, आतलं दही मात्र हलणारच. धावतं डोकं एकदम थांबलं किंवा झटक्याने फिरलं की मेंदू असाच आत ढवळून निघतो. यालाच कन्कशन म्हणतात. त्यासाठी डोक्यावर मार बसायलाच हवा असंही नाही, छातीवर जोरदार धडक बसून मान हिसकली तरी पुरतं.

अमेरिकेने हे फार मोठी किंमत देऊन शिकलं, म्हणून ती हकिगत थोडी सविस्तर सांगते.

अमेरिकन फुटबॉल हा रग्बीतूनच फुटलेला खेळ आहे. १८८०च्या सुमाराला वॉल्टर कॅम्प यांनी त्याचे नियम बदलत नेले. चेंडूसाठी सतत चालणारी झोंबाझोंबी गेली आणि दोन संघ समोरासमोर रांगेत उभे राहून, ठरलेल्या क्षणी एकमेकांवर तुटून पडू लागले. १९०५च्या एका हंगामात किमान १८ खेळाडू मेले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्यानंतर १९०६मध्ये चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे निदान सगळी गर्दी एकाच ढिगात पडणं कमी व्हावं. पुढे हेल्मेट आलं. आधी चामड्याचं, मग टणक प्लास्टिकचं, मग त्यापुढे चेहऱ्याची जाळी. प्रत्येक वेळी लोकांना वाटलं, आता पोरं सुरक्षित झाली.

झालं उलटं. ज्याचं डोकं दुखत नाही तो डोक्यानेच मारायला लागतो. साठच्या दशकात प्रशिक्षकच मुलांना हेल्मेटचा पुढचा भाग समोरच्याच्या छातीत घुसवायला शिकवत होते. १९६८मध्ये मैदानावरच्या माराने ३६ जण दगावले. हेल्मेटचा दर्जा सुधारला तेव्हा डोक्याच्या जखमा कमी झाल्या, पण मानेचे मणके मोडून हातपाय कायमचे लुळे पडण्याचं प्रमाण वाढलं. मान सरळ रेषेत ठेवून डोक्याने धडक दिली की सगळा जोर मणक्यांवर येतो. १९७६मध्ये शाळा आणि कॉलेजच्या खेळात डोक्याने धडक द्यायला बंदी आली. त्या वर्षी असे कायमचे लुळे पडलेले ३४ खेळाडू होते. १९८४मध्ये ५ होते. हेल्मेट तेच राहिलं, बदलला तो नियम आणि त्याबरोबर मुलांना शिकवायची पद्धत. तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर मला या दोन आकड्यांत दिसतं, म्हणून पुढेही मी पुन्हापुन्हा इथेच येणार आहे.

मणक्यांचा प्रश्न आटोक्यात आला तरी मेंदूचा राहिलाच. माइक वेबस्टर हा पिट्सबर्गचा नावाजलेला खेळाडू २००२मध्ये गेला, तेव्हा त्याचं शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत असा बिघाड दिसला जो तोवर मुष्टियोद्ध्यांत माहीत होता. त्याला सीटीई म्हणतात. २०१७मध्ये बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या १११ जणांचे मेंदू तपासले, त्यातल्या ११० जणांत तो सापडला. हा आकडा वाचून घाबरू नका. ज्यांना जिवंतपणी त्रास झाला त्यांच्याच घरच्यांनी बहुतेक करून मेंदू दान केले होते, त्यामुळे सगळ्या खेळाडूंना हे प्रमाण लागू होत नाही. पण या अभ्यासांतून एक गोष्ट पक्की पुढे आली: एखाद्या मोठ्या माराइतकंच, किंबहुना जास्त, वर्षानुवर्षं बसणाऱ्या लहान-लहान धक्क्यांचं ओझं मोजावं लागतं. जितकी वर्षं जास्त, तितका धोका जास्त.

दोन खेळांतला खरा फरक इथे आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हातात नसलेल्या माणसालाही अडवता येतं, ढकलता येतं, आडवं करता येतं. रांगेतल्या धिप्पाड गड्यांचं तर कामच ते. हात जमिनीला टेकवून वाकायचं आणि चेंडू हलला की समोरच्यावर तुटून पडायचं. प्रत्येक डाव पाच-सहा सेकंदांचा, मग विसावा, मग पुन्हा धडक. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१०मध्ये मोजलं तेव्हा ६० मिनिटांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो जेमतेम ११ मिनिटं, असं निघालं. एवढ्या थोड्या वेळात, ताज्या दमाने, पूर्ण जोराने टकरा होतात. शिवाय १० यार्ड पुढे सरकायला चारच संधी असतात, म्हणून एक-एक फुटासाठी अंग झोकून द्यावं लागतं.

रग्बीत ज्याच्या हातात चेंडू त्यालाच पकडता येतं. चेंडू नसलेल्याला हात लावला तर दंड. पकडताना हातांनी कवळा घालावाच लागतो, नुसता खांदा मारून पाडणं चालत नाही. खांद्याच्या रेषेच्या वर पकड केली की दंड, आणि ती धोकादायक असेल तर पिवळं किंवा लाल कार्ड. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, मागे किंवा बाजूलाच द्यायचा. त्यामुळे समोरून बेसावध माणसावर धडक बसण्याचे प्रसंग कमी येतात. माणूस पडला की त्याला सोडावं लागतं. अंगावर काही नसल्यामुळे मारणाऱ्यालाही मार लागतो, आणि ही जाणीव आपोआप हात आखडता ठेवते. तुमच्या मुलाने "आम्ही उघड्या अंगाने" म्हटलं ते बढाईने, पण त्यात एवढं खरं आहे.

तरी रग्बीला मी निर्दोष ठरवणार नाही. इंग्लंडने २००३चा विश्वचषक जिंकला त्या संघातला खेळाडू स्टीव्ह थॉम्पसन, त्याला तरुण वयात स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. तो अंतिम सामना जिंकल्याचं त्याला आठवत नाही. २०२० पासून असे अनेक माजी खेळाडू न्यायालयात गेले आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ साली १४ वर्षांचा एक शाळकरी मुलगा सामन्यात डोक्याला मार लागूनही खेळत राहिला आणि दोन दिवसांत गेला. पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला तर लहान वयात मेंदूला भयंकर सूज येऊ शकते, तसं झालं. ही एक हकिगत तुमच्या मुलाच्या सरांना माहीत असलीच पाहिजे. नसेल तर तुम्ही सांगा.

रग्बी आणखी एका बाबतीत अवघड आहे. १५ जणांच्या रग्बीत चेंडू खेळात राहण्याचा वेळ तीसेक मिनिटांहून जास्त, मधे विसावा नाही, पकडायचं काम सगळ्यांना. दमलेला माणूस वाकत नाही, सरळ उभा राहून पकडायला जातो आणि डोक्याला डोकं लागतं. व्यावसायिक रग्बीतल्या डोक्याच्या दुखापतींचे व्हिडिओ तपासले तेव्हा त्यातल्या तीन-चतुर्थांश टॅकलमध्ये, म्हणजे पकड करताना, झालेल्या दिसल्या, आणि त्यातही बहुतेक वेळा मार बसला तो पकडणाऱ्याला. चेंडू घेऊन धावणाऱ्याला कमी. आईची नजर साहजिकच धावणाऱ्या पोराकडे असते. तुम्ही पकडायला जाणाऱ्या पोराकडे बघा.

तेव्हा "जास्त घातक कोणता" याचं माझं उत्तर असं. किरकोळ आणि मधल्या दुखापती, म्हणजे खांदा उतरणं, बोट मोडणं, घोटा मुरगळणं, भुवई फाटणं, या रग्बीत कमी नाहीत. पण डोक्याला रोज, सरावातसुद्धा, बसणाऱ्या धक्क्यांचा हिशोब केला तर मी अमेरिकन फुटबॉलला जास्त घाबरेन, हेल्मेटसकट. आणि तुमच्यासमोरचा प्रश्न तर वेगळाच आहे. सोलापुरात अमेरिकन फुटबॉल खेळायला ना संघ आहे ना साहित्य. तुमच्या मुलापुढे आहे ते सात-सातचं रग्बी, एका ठरावीक मैदानावर, एका ठरावीक सरांच्या हाताखाली. तेवढंच तपासा.

सात-सातच्या रग्बीत सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. मैदान तेच, १५ जणांच्या खेळाचं, म्हणून माणसामाणसांत जागा भरपूर. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकमध्ये आहे तो हाच प्रकार. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांतल्या गड्यांनी वाकून, खांदे भिडवून चेंडूसाठी दिलेला रेटा. यात तो तिघा-तिघांचा असतो, आठजणांचा डोंगर मानेवर येत नाही, हा मोठा दिलासा. पण हलका खेळ समजू नका. मोकळ्या जागेमुळे वेग वाढतो आणि वेगात गुडघे, घोटे जातात, डोकीही आपटतात.

आता तुमच्या मुलाबद्दल. डावा कोपरा म्हणजे घोट्याची पकड करणारा गडी. ही गोष्ट त्याच्या फायद्याची आहे आणि धोक्याचीही. फायदा असा की त्याला खाली वाकायची भीती नाही, हात सुटत नाहीत, चढाई करणाऱ्याच्या कंबरेकडे आणि पायाकडे बघून अंदाज घ्यायची नजर तयार आहे. रग्बीच्या सरांनी कबड्डीची पोरं उगाच उचललेली नाहीत. धोका असा: कबड्डीत अर्धं मैदान साडेसहा मीटरचं, चढाई करणारा झपाट्याने हालत असला तरी लांबून धाव घेऊन अंगावर येत नाही. त्यामुळे डोकं त्याच्या गुडघ्यांच्या समोर घालून घोटा धरला तरी बहुतेक वेळा निभतं. निभतं म्हणजे तिथेही गुडघा तोंडावर बसतोच, कोपरारक्षकांचे ओठ आणि दात बघा. रग्बीत तोच गुडघा वीस-तीस मीटर धावून आलेला असतो. त्याच सवयीने डोकं समोर घातलं तर कानशिलावर बसेल आणि पोरगं जागच्या जागी कोसळेल.

म्हणून पहिली गोष्ट त्याने शिकायची ती डोकं ठेवायची जागा. बाजूने येणाऱ्याला पकडताना डोकं त्याच्या पाठीमागच्या बाजूला, गाल त्याच्या कुल्ल्याला चिकटलेला. धावणाऱ्याच्या वाटेत डोकं कधीच नाही. हनुवटी छातीला टेकवायची नाही, डोळे उघडे आणि समोर, पाठ सरळ. आधी पाऊल जवळ टाकायचं, मग खांदा लावायचा, मग दोन्ही हातांचा वेढा आणि पायांनी रेटा. लांबून सूर मारायचा नाही. सासऱ्यांना विचारा, दुहेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचे दोन्ही पाय धरून पाडताना, डोकं कुठे ठेवायचं हे तालमीत वस्ताद कसं दाखवायचे. ते उठून दाखवतील. नातवाने ते आजोबांकडून शिकावं, रग्बीच्या सरांना हरकत असायचं कारण नाही. पण एक फरक त्यांनाही सांगा: लाल मातीत पट काढताना समोरचा उभा असतो, इथे तो पळत येतो, म्हणून डोक्याची बाजू आधीच ठरलेली हवी. आणि मान भक्कम करायचे जे व्यायाम तालमीत होते ते सुरू करायला सांगा, हलक्या जोराने, रोज. डोक्यावर सगळं वजन घेऊन पूल करणं मात्र सोळाव्या वर्षी कुणाच्या देखरेखीशिवाय नको.

ही पकड शिकवण्याचं महत्त्व आता अमेरिकेलाही पटलंय. सिएटलच्या व्यावसायिक संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी २०१४मध्ये रग्बीच्या पद्धतीने खांद्याने पकडायचं प्रशिक्षण देणारा व्हिडिओ काढून शाळांना खुला केला. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात तर खेळाडूंना सरावाचा काही वेळ मुद्दाम हेल्मेट काढून पकडी करायला लावल्या आणि पुढे त्यांच्या डोक्याला बसणारे धक्के चौथ्या हिश्श्याहून जास्त घटलेले दिसले. हे भाच्याला जरूर कळवा. पुढच्या रविवारी दोघा भावांची पुन्हा जुंपणार, तेव्हा भांडायला निदान खरा विषय मिळेल. आणि भावाला विचारा, त्याच्या मुलाच्या शाळेत आठवड्यातून किती वेळ पूर्ण जोराच्या टकरींचा सराव चालतो. टेक्सासमध्ये शाळांसाठी २०१३पासून त्याला वेळेची मर्यादा आहे. ती पाळली जाते का, एवढं त्याने बघावं.

तुमच्या बाजूने सरांकडे काय बघायचं?

मैदान, सगळ्यात आधी. आपल्याकडे गवताचं मैदान म्हणजे चैन. बहुतेक मैदानं मुरमाची, उन्हाळ्यात सिमेंटसारखी टणक. त्यावर पूर्ण जोराने माणूस पाडायचा सराव मला मान्य नाही. कन्कशन समोरच्याच्या डोक्याने होतं तसं जमिनीनेही होतं. पावसाळ्यात जमीन मऊ असते तेव्हा पकडी शिकवाव्यात, इतर वेळी कबड्डीच्या मॅटवर, कुस्तीच्या मातीत किंवा भुसभुशीत केलेल्या पट्ट्यावर. मुरमावर धावणं, पास देणं, नुसता हात लावून थांबवायचं टच रग्बी, हे सगळं खुशाल चालू दे. पहिले काही आठवडे सर टच रग्बीच खेळवत असतील तर समजा जाणता माणूस आहे. "पहिल्याच दिवशी दोघांना भिडवून कोण मर्द बघितलं" असं मुलगा सांगत आला तर मात्र जाऊन भेटा.

दुसरं, उष्णता. मार्च ते मे आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. २००१मध्ये कोरी स्ट्रिंगर हा अमेरिकन लीगचा खेळाडू उन्हातल्या सराव शिबिरात उष्माघाताने गेला. अंगावर पॅड, डोक्यावर हेल्मेट, घाम वाळायला जागा नाही. रग्बीत पॅड नाहीत म्हणून थोडं बरं, पण सोलापूरचं ऊन ते सोलापूरचं ऊन. सराव पहाटे किंवा सूर्य कलल्यावर, आणि पाणी मागणाऱ्या मुलाला कुणी नाजूक म्हणता कामा नये.

तिसरं, सुरुवातीचा व्यायाम. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेने अॅक्टिव्हेट नावाचा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप तयार केलाय. तोल, मान, मांड्या, उडी मारून नीट उतरणं असं त्यात आहे. इंग्लंडच्या शाळांत तो तपासला. आठवड्यातून तीनदा नेमाने करणाऱ्या संघांत कन्कशन निम्म्याहून कमी झाली, एकूण दुखापती त्याहूनही घटल्या. फुकट मिळतो, साहित्य लागत नाही. सर इंटरनेटवर बघून आठवड्यात बसवतील. हेल्मेटपेक्षा हे कितीतरी पटीने कामाचं आहे.

आणि चौथं, ज्यावर मी अडून बसेन: मार लागलेल्या मुलाला त्याच दिवशी पुन्हा उतरवायचं नाही. आपल्याकडे तोंडावर पाणी मारायचं, कांदा हुंगवायचा, पाठीवर थाप मारायची आणि "चल, काही नाही झालं" म्हणायचं, ही रीत कबड्डीच्या मैदानापासून सगळीकडे आहे. ती मोडायला हवी. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही. मुलगा उभा असतो, बोलतो, फक्त स्कोअर विचारला तर चुकीचा सांगतो, मघाचा डाव आठवत नाही, चालताना तिरपा जातो, नजर हरवलेली असते. एवढं दिसलं की खेळ संपला. सामना अंतिम असला तरी.

घरी आल्यावर डोकं दुखणं, उजेड आणि मोबाइल नकोसा होणं, मळमळ, चिडचिड, वाचलेलं डोक्यात न शिरणं, झोप जास्त किंवा अजिबात नाही, असं काही दिवस चालू शकतं. विश्रांती, हलकं चालणं, स्क्रीन कमी. डोकेदुखी वाढत चालली, पुन्हापुन्हा उलट्या, झटके, हातपायांत मुंग्या किंवा बधिरपणा, बोलण्यात गोंधळ, जागं करताना त्रास, यातलं काहीही असेल तर वेळ न घालवता सिव्हिलला न्या, रात्र असली तरी. मैदानावर मान दुखते म्हणाला तर त्याला कुणी उचलून बसवू नये, रुग्णवाहिका येईपर्यंत तसाच राहू द्यावा. आणि सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणजे कन्कशन नाही असा अर्थ होत नाही. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा मोडलेलं हाड दिसतं, हादरा दिसत नाही. या एका गैरसमजाने पुष्कळ मुलं दुसऱ्या आठवड्यात मैदानात परततात. वर्ल्ड रग्बीच्या सूचनेत हौशी खेळाडूने सामन्यात परतायला किमान २१ दिवस धरले आहेत, तेही पायरीपायरीने आणि डॉक्टरांना दाखवून. आधी कॉलेजचा अभ्यास सुरळीत, मग खेळ.

मुलाशी याबद्दल आत्ताच बोलून ठेवा, मार लागल्यावर नाही. सोळाव्या वर्षीची मुलं संघातली जागा जाईल म्हणून डोकेदुखी लपवतात. घरात "सांगितलंस तर खेळ बंद" असा धाक असेल तर तो नक्की लपवेल. मुलाच्या वडिलांचं "बारावीपर्यंत सगळं बंद" मला यासाठीच पटत नाही. बंद केलं तरी तो खेळेल, फक्त सांगणार नाही. त्यांना म्हणा, बंद करायचं ते खेळणं नाही, दुखणं लपवणं. आणि सासऱ्यांना सांगा, पडल्याशिवाय पोरगं घडत नाही हे खरं, पण डोक्यावर पडलेलं पोरगं तालमीतसुद्धा वस्ताद त्या दिवशी पुन्हा हौद्यात उतरवत नसत. त्यांना हे माहीत असणार.

तर माझं मत: खेळू द्या, या अटींवर. सरांना भेटायला मुलाच्या वडिलांनाच पाठवा. बापाने चार प्रश्न शांतपणे विचारले तर सर रागवत नाहीत, उलट पुढच्या वेळी जपून वागतात. त्याआधी एका संध्याकाळी तुम्ही स्वतः सरावाला जाऊन कडेला बसा. मुलाला नका बघू, एखादा दुसरा मुलगा आपटला की सर काय करतात ते बघा. जवळ जाऊन, खाली बसून, त्याच्या डोळ्यांत बघून दोन प्रश्न विचारले आणि बाहेर बसवलं, तर निश्चिंत घरी या. लांबूनच "ऊठ, ऊठ" ओरडले, तर त्या दिवसापुरतं मुलाला सोबत घेऊन या आणि मला पुन्हा लिहा. मग सरांशी कसं बोलायचं ते आपण ठरवू.